मेंदूला बाहेरून सौम्य विद्युतधारा दिल्यास हाताचे कौशल्य लवकर आत्मसात होते का?

संथ_गज (प्रश्न)

मी प्रौढ वयात व्हायोलिन शिकायला सुरुवात केली. डाव्या हाताची करंगळी जलद स्वरसमूहात आपल्या जागी वेळेत पोहोचत नाही, ही माझी जुनी अडचण आहे आणि शिक्षकांनी दिलेले व्यायाम नेमाने करूनही ती म्हणावी तशी सुटलेली नाही. अलीकडे डोक्यावर पट्ट्यासारखे बसवायचे एक विद्युत उपकरण माझ्या पाहण्यात आले. सरावाआधी वीस मिनिटे ते लावले की मेंदूतील हालचालींचे केंद्र शिकण्यास अनुकूल होते आणि त्यानंतर केलेला सराव अधिक पक्का बसतो, असा विक्रेत्यांचा दावा आहे. पुरावा म्हणून ते २००९ सालच्या एका प्रयोगाचा हवाला देतात, ज्यात अशी धारा घेतलेल्या लोकांचे कौशल्य तीन महिन्यांनंतरही इतरांपेक्षा सरस राहिले होते.

सराव टाळण्याचा माझा हेतू नाही. तेवढ्याच सरावाचे फळ वाढत असेल तर ते हवे आहे, इतकेच. या दाव्यात कितपत तथ्य आहे, धारा सरावाच्या आधी घ्यायची की सराव चालू असताना, आणि घरच्या घरी हे करणे सुरक्षित आहे का, याविषयी या विषयातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चेताविज्ञान_वर्ग

आपण उल्लेखलेला प्रयोग खरा आहे आणि काळजीपूर्वक केलेला आहे. जाहिरातीने त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करते.

टीडीसीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मिठाच्या पाण्याने ओलावलेल्या स्पंजांत बसवलेले दोन विद्युतअग्र डोक्यावर ठेवतात आणि त्यांच्यामधून एक ते दोन मिलिअँपिअर इतकी क्षीण, एकाच दिशेने वाहणारी धारा दहा-वीस मिनिटे सोडतात. एवढ्या धारेने शांत बसलेली चेतापेशी संदेश सोडू लागत नाही. तिच्या पटलावरचा विद्युतदाब किंचित सरकतो आणि त्यामुळे इतर पेशींकडून येणाऱ्या संदेशांना प्रतिसाद देणे तिला थोडे सोपे किंवा थोडे अवघड होते. चुंबकीय स्पंदांच्या पद्धतीत, म्हणजे टीएमएसमध्ये, स्पंद दिल्याबरोबर बोट उडालेले डोळ्यांना दिसते. इथे तसे काहीच दिसत नाही. म्हणूनच जर्मनीतील गॉटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी २००० साली या धारेचा परिणाम मोजण्यासाठी टीएमएसचाच आधार घेतला. मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील हालचालींच्या केंद्रावर, धनाग्र (धन विद्युतअग्र) ठेवून धारा दिली असता त्याच चुंबकीय स्पंदाला हाताच्या स्नायूने दिलेला प्रतिसाद वाढला आणि ऋणाग्र (ऋण विद्युतअग्र) ठेवला असता तो घटला. हा फरक ४० टक्क्यांपर्यंत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की १३ मिनिटे दिलेल्या धारेचा परिणाम धारा थांबल्यानंतरही दीड तासापर्यंत टिकू शकतो. या क्षेत्रातली नंतरची बरीचशी शास्त्रीय आणि जवळजवळ सगळी व्यापारी धावपळ या दोन निबंधांपासून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

धारा बंद झाल्यावरही काही मागे उरते याचा अर्थ पेशींच्या परस्परसंपर्कात बदल होत असला पाहिजे. चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे दुसऱ्या पेशीकडून आलेला रासायनिक संदेश टिपणारे रेणू, असतात; त्यांना अडवणारे औषध आधी दिले तर हा मागे उरणारा परिणाम नाहीसा होतो, आणि शिकण्याच्या प्रक्रियेत हेच ग्राही महत्त्वाचे असतात. उंदराच्या मोटर कॉर्टेक्सच्या पातळ कापांवर २०१० साली झालेल्या प्रयोगात एक गोष्ट फार स्पष्टपणे पुढे आली: नुसत्या धारेने पेशींमधील संपर्क दीर्घकाळासाठी बळकट झाला नाही, त्याच वेळी त्या संपर्कातून हलके संदेशही जात असतील तरच तो बळकट झाला. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला हा निष्कर्ष बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता २००९ चा प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या प्रयोगशाळेत जानिन राइस आणि सहकाऱ्यांनी तो केला. त्यात सहभागी व्यक्तीने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक बलमापक धरायचा असतो. चिमटी आवळली की पडद्यावरचा ठिपका सरकतो, सोडली की मूळ जागी परततो. ठिपका ठरलेल्या क्रमाने पाच लक्ष्यांपर्यंत नेऊन प्रत्येक वेळी मागे आणायचा, तोही लवकर आणि न चुकता. चिमटीचा जोर आणि ठिपक्याचे सरकणे यांचे प्रमाण मुद्दाम सरळ ठेवलेले नसते, त्यामुळे सुरुवातीला ठिपका हमखास लक्ष्याच्या पुढे जातो. हा सराव सलग पाच दिवस झाला आणि सराव चालू असताना रोज २० मिनिटे १ मिलिअँपिअर धारा दिली गेली. पाच दिवसांच्या शेवटी धारा घेतलेला गट पुढे होता. पण तो पुढे कधी गेला हे पाहण्यासारखे आहे: प्रत्यक्ष सरावाच्या वेळी दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखी होती. फरक पडला तो आजचा सराव संपल्यापासून उद्याचा सुरू होईपर्यंतच्या काळात. धारा घेतलेल्यांनी या मधल्या काळात काही गमावले नाही, उलट थोडे कमावलेच. तीन महिन्यांनंतरचे वर्चस्वही त्यातूनच आलेले आहे. विसरण्याचा वेग दोन्ही गटांचा सारखाच होता. एक गट अधिक उंचीवरून उतरू लागला, म्हणून तो वर राहिला. धारेने कौशल्य विसरण्यापासून वाचवले, असा जो अर्थ जाहिरातीतून ध्वनित होतो तो या आकडेवारीत नाही.

आधी की चालू असताना, याचेही उत्तर उपलब्ध आहे आणि ते विक्रेत्यांना अडचणीचे आहे. शार्लट स्टॅग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली बोटांच्या ठरावीक क्रमाचे शिक्षण तपासले. धनाग्राची धारा शिकत असताना दिली तेव्हा लोक लवकर शिकले. तीच धारा शिकण्याच्या आधी दिली तेव्हा त्यांचे शिकणे मंदावले. आधीच चढवून ठेवलेल्या पेशीसमूहाला मेंदू स्वतःहून खाली ओढतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे सरावाआधी वीस मिनिटे पट्टा लावून बसण्याचा सल्ला किमान या प्रयोगाच्या विरोधात जातो.

नवा_सूर

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु मी असे उपकरण प्रत्यक्ष वापरले आहे आणि माझा अनुभव चांगला आहे. पियानोवर दोन्ही हातांचा मेळ बसायला मला नेहमी वेळ लागत असे. पट्टा वापरू लागल्यापासून तो लवकर बसतो आणि सरावात मनही रमते. टाळूला मुंग्या आल्यासारखे वाटते, म्हणजे धारा आत जाते आहे हे उघड आहे. सगळेच निष्कर्ष प्रयोगशाळेतून यायला हवेत असे मला वाटत नाही.

परिपथ

वैद्यकीय उपकरणांच्या विद्युतरचनेशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून मुंग्यांविषयी आधी लिहितो. त्या मुंग्या त्वचेतील चेतातंतूंच्या आहेत आणि मेंदूपर्यंत काय पोहोचले याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. मृतदेहांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे आढळले की दिलेल्या धारेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा, मऊ ऊती आणि कवटी यांतच अडतो किंवा बाहेरच्या बाहेर वळतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत विद्युतअग्र बसवलेले होते अशा रुग्णांमध्येही प्रत्यक्ष मोजमाप झाले आहे. बाहेरून २ मिलिअँपिअर दिले तर आतले विद्युतक्षेत्र फार तर मीटरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. एवढ्या क्षेत्राने चेतापेशीच्या पटलाचा दाब एक मिलिव्होल्टच्या पाचव्या हिश्श्याइतकादेखील बदलत नाही, आणि शांत पेशीला संदेश सोडायला लावण्यासाठी पंधराएक मिलिव्होल्टचा बदल लागतो. यावरून परिणाम शून्य असतो असे मी म्हणत नाही, कारण लाखो पेशी एकाच दिशेने किंचित झुकल्या तर जाळ्याचे एकूण वागणे बदलू शकते. पण परिणाम अगदी काठावरचा आहे, आणि काठावरचा परिणाम कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांची दिशा, स्पंज सेंटिमीटरभर सरकणे अशा कारणांनी सहज पुसला जातो.

तो तसा पुसला गेल्याचे दिसतेही. २०१४ साली ५३ निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांत टीएमएसने मोजता येण्याजोगा बदल फारसा झालाच नाही, आणि उरलेल्यांत धनाग्र ठेवा की ऋणाग्र, प्रतिसाद वाढलेलाच दिसला. धारा दुप्पट केली की परिणाम दुप्पट होतो, हेही गृहीत धरता येत नाही: १ मिलिअँपिअरला मेंदूचा प्रतिसाद घटवणारा ऋणाग्र २ मिलिअँपिअरला २० मिनिटे ठेवला असता तो वाढवतो, असे २०१३ मध्ये दिसून आले आहे. 'ताकद वाढवा' असे लिहिलेले बटण ज्या उपकरणावर आहे, ते मी याच कारणासाठी माझ्या डोक्यावर ठेवणार नाही.

नवा_सूर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. मेळ लवकर बसला असेल. प्रश्न तो कशाने बसला हा आहे. प्रयोगांत नकली धारेचा एक गट ठेवतात. त्यांच्या डोक्यावरही स्पंज असतात. धारा सुरुवातीला हळूहळू चढवतात, अर्ध्या-एक मिनिटात उतरवून बंद करतात, आणि मुंग्या एरवीही काही वेळाने ओसरत असल्यामुळे बहुतेकांना फरक कळत नाही. या नकली गटाचे कौशल्यही प्रत्येक प्रयोगात वाढते, कारण तेही सराव करत असतात, आणि उपकरण लावल्यावर माणूस जरा अधिक लक्ष देऊन बसतो. तुमच्या बाबतीत नकली धारेची तुलना झालेली नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. २ मिलिअँपिअरच्या पातळीला तर प्रयोगातल्या लोकांनाही खरे-खोटे ओळखता येऊ लागते, त्यामुळे त्या प्रयोगांचे आकडेसुद्धा थोडे हात राखून वाचावे लागतात.

हस्तपुनर्वसन

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघातानंतर हाताचे काम परत मिळवू पाहणाऱ्या रुग्णांसोबत काम करते. संशोधन प्रकल्पाचा भाग म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ही धारा देण्याच्या कामात माझा सहभाग राहिला आहे. बाहेरून ही फार सोपी गोष्ट वाटते, म्हणून प्रत्यक्षात काय करावे लागते ते सांगते.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फितीने मोजून, दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथून बाजूला ठरावीक टक्के अंतर घेऊन हाताच्या केंद्राची जागा काढतात. केस बोटांनी विभागून त्वचा मोकळी करावी लागते. स्पंज ओला हवा, पण निथळता नको. पाणी ओघळून दुसऱ्या स्पंजाकडे गेले की धारा डोक्यात न शिरता त्या ओल्या केसांतूनच जाते. स्पंज मध्येच सुकला तर उलट त्रास होतो, कारण संपर्काचे क्षेत्र कमी होऊन तेवढ्याच ठिकाणी धारा एकवटते आणि त्वचा भाजू शकते. त्यामुळे रोध दाखवणाऱ्या आकड्यावर कोणाची तरी सतत नजर असावी लागते. डोक्याच्या कोणत्याही आकारावर एकाच जागी बसणारा पट्टा यांतल्या किती गोष्टी सांभाळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आमच्या क्षेत्रात या पद्धतीकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. मेंदूची इजा न झालेली बाजू इजा झालेल्या बाजूला दाबून ठेवते, म्हणून एका बाजूला चढवा आणि दुसरीला उतरवा, अशी मूळ कल्पना होती. कल्पना सुबक होती, पण रुग्ण तिच्याप्रमाणे वागले नाहीत. ज्यांची इजा मोठी आहे त्यांच्यात ती तथाकथित दाबणारी बाजूच उरलेल्या हालचालींना मदत करत असण्याची शक्यता असते. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या पद्धतशीर आढाव्यात, रोजची कामे करण्याच्या क्षमतेत थोडा फायदा संभवतो असे म्हटले आहे, पण हाताच्या कार्यात सुधारणा होते असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यात आढळलेला नाही. त्यानंतर अमेरिकेत अनेक केंद्रांत १२९ रुग्णांवर झालेल्या ट्रान्सपोर्ट-२ या चाचणीत नकली, २ मिलिअँपिअर आणि ४ मिलिअँपिअर असे तीन गट होते आणि सर्वांना हाताचा सघन सराव दिला होता. सगळे गट सुधारले. धारेमुळे त्या सुधारणेत वेगळी भर पडलेली दिसली नाही.

सुरक्षिततेविषयी घबराट नको. २०१६ पर्यंतच्या नोंदींचा आढावा घेतला असता, ४ मिलिअँपिअरपर्यंत आणि ४० मिनिटांपर्यंतच्या रूढ मर्यादेत दिलेल्या तेहतीस हजारांहून अधिक सत्रांत एकही गंभीर अपाय नोंदलेला नव्हता. लालसरपणा, खाज, डोकेदुखी एवढेच सामान्यतः होते. मात्र ती सत्रे निवडलेल्या व्यक्तींवर, देखरेखीखाली आणि मोजकी झालेली होती. वर्षानुवर्षे रोज घरी धारा घेतल्याने काय होईल याचे उत्तर त्या आकड्यांत नाही. त्याच वर्षी या विषयातील संशोधकांनी स्वतः उपकरणे वापरणाऱ्यांना उद्देशून जे खुले पत्र प्रसिद्ध केले, त्यातही एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते याकडे लक्ष वेधले होते. अपस्मार असलेल्यांनी, डोक्यात धातूचा तुकडा किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि टाळूवर जखम असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

संथ_गज, मला तुम्हाला एक विचारायचे आहे. करंगळी नुसती उशिरा पोहोचते, की व्हायोलिन हातात घेतल्यावर ती तुमच्या मनाविरुद्ध आत वळते किंवा ताठ होते, आणि इतर कामांत मात्र अगदी व्यवस्थित चालते?

संथ_गज

सर्वांचे मनापासून आभार. करंगळी आत वळत नाही. संथ लयीत ती बरोबर जागी पडते. लय वाढली की मागे राहते आणि त्या ओघात अनामिकाही उचलली जाते. हा प्रश्न आपण का विचारला ते कळले तर बरे होईल. शिवाय वाद्य वाजवणाऱ्यांवर असे प्रयोग झाले आहेत का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

हस्तपुनर्वसन

वादकांमध्ये फोकल डिस्टोनिया नावाचा विकार होतो, ज्यात वर्षानुवर्षे घोटलेली हालचाल फक्त वाद्यावर बिघडते. तशी लक्षणे असती तर अधिक सराव करण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला मी दिला असता. तुमचे वर्णन तसे नाही. योगायोगाने वादकांच्या बाबतीत या धारेचा आशादायक उपयोग त्याच विकारात दिसला आहे: २०१४ साली जर्मनीत या विकाराने ग्रस्त पियानोवादकांना मेंदूच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध ध्रुवांची धारा देत, त्याच वेळी बोटांचे पुनर्शिक्षण दिले असता बोटांच्या तालातला नेमकेपणा सुधारला. नुसती धारा देऊन किंवा नुसते पुनर्शिक्षण देऊन तसे झाले नाही.

चेताविज्ञान_वर्ग

त्याच संशोधकांचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध निरोगी वादकांवर आहे. वाद्य न शिकलेल्यांच्या बोटांचे सूक्ष्म नियंत्रण धारेने सुधारले, पण मुरलेल्या पियानोवादकांत तसा लाभ दिसला नाही. तुम्ही या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहात, त्यामुळे कोणताही निष्कर्ष तुम्हाला थेट लावता येणार नाही. एक तांत्रिक गोष्टही ध्यानात घ्या: डाव्या हाताचे केंद्र मेंदूच्या उजव्या अर्धात असते, तर राइस यांच्या प्रयोगात उजव्या हातासाठी डाव्या अर्धावर धनाग्र होता. विकतचा पट्टा नेमके काय कुठे ठेवतो हे त्याच्या माहितीपत्रकात सहसा स्पष्ट केलेले नसते.

अनुमस्तिष्काला, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूला, धारा द्यावी असाही एक विचार आहे, कारण चूक ओळखून हालचाल सुधारण्याचे काम तिथे होते. त्याला धारा दिल्यास चुका लवकर कमी होतात असे २०११ मध्ये दिसले होते. २०१७ साली त्याच गटातील संशोधकांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा परिणामात सातत्य आढळले नाही आणि त्यांनी ते तसेच प्रसिद्ध केले. या क्षेत्राबद्दल माझा आदर अशा निबंधांमुळे टिकून आहे.

तुमच्या करंगळीपुरते बोलायचे तर २००९ च्या प्रयोगातून घेण्याजोगी गोष्ट दोन सरावांमधल्या काळाची आहे, आणि त्या काळाचा उपयोग उपकरणाशिवायही करता येतो. हाताने एक नवी हालचाल शिकल्यावर लगेच तिच्या विरुद्ध जाणारी दुसरी शिकली तर पहिली पुसली जाते, पण मध्ये चार-पाच तास गेले तर ती टिकते, हे १९९६ साली यंत्रहस्त वापरून केलेल्या प्रयोगातून दिसले आहे. त्यामुळे करंगळीचा अवघड तुकडा घोटून झाल्यावर लगेच त्याच बोटाची वेगळी, गोंधळात टाकणारी मांडणी असलेला तुकडा घेऊ नका. तो दिवसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि तोच तुकडा सलग घोटण्याऐवजी अधूनमधून आधीच येत असलेल्या दुसऱ्या तुकड्यांकडे जाऊन परत या. असे मिसळून सराव करणारे त्या वेळी कच्चे वाटतात, पण काही दिवसांनी तपासले तर सलग घोटणाऱ्यांच्या पुढे असतात, हे शे आणि मॉर्गन यांनी १९७९ सालीच दाखवले होते. लय मात्र अनामिका उचलली जाणार नाही इतपतच वाढवत न्या, आणि अनामिका तारेवर टेकलेली राहते की नाही हे आरशात पाहून तपासत राहा, कारण वाजवताना ते हाताला जाणवत नाही.